मॅग्नेशियम

मॅग्नेशियम : धातुरूप मूलद्रव्य. अणुक्रमांक (अणुकेंद्रातील प्रोटॉनांची संख्या) १२, अणुभार २४·३०५, संयुजा २, रंग रुपेरी पांढरा, वितळबिंदू ६५०° से.; घनता १·७४ ग्रॅ./घ. सेंमी., म्हणजे ॲल्युमिनियमाच्या सु. दोन-तृतीयांश.

इतिहास व आढळ : ग्रीसमधील मॅग्नेशिया या प्रदेशावरून हे नाव पडले. हंफ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये ही धातू प्रथम अलग केली. निसर्गात ती मुक्त स्थितीत आढळत नाही. मॅग्नेसाइट, डोलोमाइट व कार्नालाइट ही तिची प्रमुख खनिजे होत. भारतात तमिळनाडूतील सेलम येथे मॅग्नेसाइटाचे साठे आहेत. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियमाचे प्रमाण सु. ०·१३% असते.

उत्पादन व उपयोग : वितळलेल्या क्लोराइडाचे विद्युत् विच्छेदन करून किंवा भाजलेल्या डोलोमाइटाचे फेरोसिलिकॉनाने निर्वातात क्षपण करून धातू मिळवितात. विमाने व मोटारगाड्या यांच्या भागांसाठी तिच्या मिश्रधातू वापरतात. फीत वा चूर्ण डोळे दिपविणाऱ्या शुभ्र प्रकाशाने जळते. जळती धातू पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्याशीही विक्रिया करीत असल्याने ही आग कोरड्या वाळूने विझवावी लागते.

जैव महत्त्व : हरितद्रव्याच्या रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमाचा अणू असतो. त्यामुळे त्याच्या न्यूनतेने जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो [→ हरितद्रव्य]. प्रौढ मानवी शरीरात सु. २५ ग्रॅ. मॅग्नेशियम असते, त्यापैकी निम्म्याहून अधिक हाडांत, तर रक्तरसात १ टक्क्याहूनही कमी असते. ३०० हून अधिक एंझाइमांच्या कार्यास ते आवश्यक असते. प्रौढास रोज सु. ३०० ते ४५० मिग्रॅ. लागते. अख्खी धान्ये, डाळी, तीळ, शेंगदाणे व पालेभाज्या यांतून ते मिळते. धान्य सडल्याने व कोंडा काढल्याने बरेचसे वाया जाते.

दीर्घकालीन अतिसार, अतिमद्यपान व काही मूत्रल औषधे यांमुळे न्यूनता उद्‌भवते. स्नायूंत पेटके, कंप, आचके व हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता ही तिची लक्षणे होत. रक्तातील पातळी प्राकृत असूनही शरीरातील साठा घटलेला असू शकतो, त्यामुळे निदान निसटते. सोबत घटलेले कॅल्शियम व पोटॅशियम मॅग्नेशियम दिल्याखेरीज पूर्ववत होत नाही.

गर्भिणीस रक्तदाबवाढीमुळे येणारे आचके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट अंतःक्षेपणाने देतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत त्याने हा धोका निम्म्याहून अधिक कमी झाल्याचे आढळले. मात्र मात्रा वाढल्यास प्रथम गुडघ्याची प्रतिक्षेपी क्रिया नाहीशी होते व नंतर श्वसन मंदावते; म्हणून गुडघ्याची ही तपासणी वारंवार करतात आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवतात. मूत्रपिंडांचे कार्य बिघडलेल्यांत मॅग्नेशियम साचत असल्याने अशा रुग्णांनी मॅग्नेशियमयुक्त रेचके व आम्लनाशके वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.