दहशतवाद्यांचा माग ते हत्तींची राखण

ब्रेट वेलिकोविच हे अमेरिकी लष्करातील माजी गुप्तवार्ता विश्लेषक. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ते सैन्यात भरती झाले आणि पुढे विशेष दलांच्या पथकांबरोबर अफगाणिस्तान व इराकमध्ये ड्रोनच्या मदतीने दहशतवाद्यांचा माग काढू लागले. ड्रोन उडवण्याचे काम वैमानिकांचे. कॅमेरा कोणत्या घरावर रोखायचा, कोणत्या गाडीच्या मागे न्यायचा आणि दिसले त्याचा अर्थ काय लावायचा, हे वेलिकोविच यांच्यासारखे विश्लेषक ठरवत.

या कामात क्षेपणास्त्रापेक्षा चिकाटी मोलाची. प्रिडेटर ड्रोन सुमारे २४ तास हवेत राहू शके. संशयित घराबाहेर कधी पडतो, कोणाला भेटतो, घरात बायकामुले आहेत का, यावर पडद्यासमोर बसून दिवसचे दिवस नजर ठेवली जाई. म्होरक्या दडून राहतो, पण त्याचे निरोपे ये-जा करतातच. निरोप्यांची ही साखळी धरूनच 'इस्लामिक स्टेट ऑफ इराक'चे अबू उमर अल-बगदादी आणि अबू अय्यूब अल-मसरी यांचा ठावठिकाणा लागला. १८ एप्रिल २०१० रोजी तिक्रितजवळ अमेरिकी-इराकी कारवाईत दोघेही मारले गेले. या शोधातला आपला वाटा वेलिकोविच यांनी ख्रिस्तोफर स्टुअर्ट यांच्यासह लिहिलेल्या 'ड्रोन वॉरियर' (२०१७) या पुस्तकात सांगितला आहे. मोहिमा गुप्त असल्याने त्यातला बराच तपशील त्यांच्याच शब्दावर मानावा लागतो. नेते गेले तरी संघटना संपली नाही. अबू बक्र अल-बगदादीने सूत्रे घेतली आणि तिचीच पुढे आयसिस झाली.

लष्कर सोडल्यावर त्यांनी हेच कसब केनियात हत्तींच्या रक्षणासाठी वापरून पाहिले. गरज खरोखरच मोठी होती. २०१६ साली जाहीर झालेल्या गणनेनुसार आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशांतील हत्ती अवघ्या सात वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते. हस्तिदंतासाठी होणारी चोरटी शिकार हे त्याचे मुख्य कारण.

रात्री माळरान थंडावले की उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात माणसाचे अंग पांढऱ्या ठिपक्यासारखे उठून दिसते. भर दुपारी मात्र तापलेले दगड आणि जमीन यांत ते हरवून जाते. लष्करी ड्रोनची किंमत वनरक्षकांना पेलणारी नसते आणि त्यांच्या हातातले छोटे यंत्र बॅटरीवर साधारण अर्धा तास उडते. इराकमध्ये पाळत एका घरावर असे, इथे राखायचा असतो शेकडो चौरस किलोमीटरचा मुलूख. म्हणून कोणत्या पाणवठ्याकडे, कोणत्या वाटेवर ड्रोन पाठवायचा हे आधी खबऱ्यांकडून आणि मागच्या शिकारींच्या नोंदींवरून ठरवावे लागते. शिकारी दिसला तरी गाडी घेऊन तिथे वेळेत पोचायचे असते वनरक्षकालाच.

एक उपयोग मात्र अनपेक्षितपणे हाती लागला. ड्रोनची घरघर ऐकून हत्ती पळतात, बहुधा ती मधमाश्यांच्या गुणगुणीसारखी वाटत असावी. मसाई मारा परिसरात शेतात शिरू पाहणारे कळप याच आवाजाने माघारी वळवले जातात. शेतकऱ्याचे पीक वाचते आणि त्याच्या रागापासून हत्तीही.

हस्तिदंताची साखळी मात्र जंगलात संपत नाही. मारेकऱ्याच्या मागे दलाल, त्याच्या मागे बंदरातला व्यापारी आणि शेवटी आशियातला गिऱ्हाईक असतो. चीनने २०१७ अखेर हस्तिदंताचा कायदेशीर व्यापार बंद केला. अशी पावले ड्रोनइतकीच, किंबहुना जास्तच, महत्त्वाची आहेत.