जोते आणि लोणा : घराच्या बुडाशी येणाऱ्या ओलीचा विचार

भिंतीचा खालचा भाग ओलसर होऊन तिच्यावर पांढरट थर फुलला आणि गिलावा भुगा होऊन गळू लागला, की ‘भिंतीला लोणा लागला’ असे आपण म्हणतो. ‘लोणा’ हा शब्द संस्कृत ‘लवण’ या शब्दापासून आलेला आहे. म्हणजे रोगाचे निदान शब्दातच झालेले आहे. ओल ही केवळ वाहक होय. भिंत पोखरते ते मीठ.

सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ओलीची चिंता कशाला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु ही ओल भूमीतून येते. काळ्या मातीचे कण अतिसूक्ष्म असल्याने पावसाचे पाणी ती दीर्घकाळ धरून ठेवते. दिव्याच्या वातीत तेल चढावे, तसे हे पाणी केशाकर्षणाने विटा, माती व चुना यांच्या छिद्रांतून वर चढते. पृष्ठभागाशी त्याची वाफ होते. मागे राहिलेले क्षार स्फटिकरूप घेतात आणि गिलावा फोडतात. हवा कोरडी असली म्हणजे लोणा टळतो असे नाही. उलट बाष्पीभवन जलद होते.

अमेरिकेतील अनेक घरांच्या लाकडी जमिनीखाली माणूस रांगत जाईल एवढी पोकळी असते. तिच्यातील उघड्या मातीवर जाड प्लॅस्टिक पसरून बाष्प अडवितात. या पोकळीस मराठीत रूढ शब्द नाही, कारण आपल्या घरांत ती वस्तूच नाही. भूमीखालची पोकळी आपणांस परिचित आहे ती पेवाच्या रूपाने. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरून मोठी हानी झाली.

आपल्या घराखाली असते ते भरीव जोते. म्हणून येथे उपायही निराळा. पायाभरणीतील काळी माती काढून मुरूम भरावा, त्यावर दगडांचे सोलिंग करावे, मग कोबा वा फरशी घालावी. भरड भरावातील पोकळ्या मोठ्या असल्याने त्यांतून पाणी फारसे वर चढत नाही. भिंतीत जोत्याच्या माथ्यावर, तिच्या पूर्ण रुंदीभर, ओलरोधक थर हवा. जोते भोवतालच्या जमिनीहून किमान ४५ सेंटिमीटर उंच असावे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. मात्र डांबराचे थर चढून रस्ता उंचावतो, तेव्हा जुन्या घराचे जोते आपोआप ठेंगणे होते, हे ध्यानी घ्यावयास हवे.

सर्वांत मोठी चूक घडते ती दुरुस्तीत. प्रस्तुत लेखकाच्या जुन्या घरी कमरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करविला होता. दोन पावसाळ्यांनंतर ओल त्याच्या वर प्रकटली. बाहेर पडण्याची वाट बंद झाली, की पाणी आणखी वर चढते. अशा भिंतीस चुन्याचाच गिलावा योग्य. तो ओल बाहेर जाऊ देतो. आधी भिंतीलगतचे सांडपाणी व पागोळ्यांचे पाणी दूर न्यावे, नंतर गिलाव्याचा विचार करावा.

जुन्या ग्रामव्यवहारात शेतीची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’ असा भेद होता. आज शहरांच्या वाढत्या वसाहती काळीवर उभ्या राहत आहेत. भाषेतून हा भेद पुसट होत चालला असला, तरी माती आपला गुण सोडत नाही. घर बांधणाऱ्याने तो विसरल्यास लोणा त्याची आठवण करून देतो.