आपल्या पेशी आणि आपलं ताट

आज आपण बोलणार आहोत पेशींबद्दल. पेशी कशाच्या बनतात, आणि त्याचा आपल्या ताटाशी काय संबंध, ते बघूया.

भाकरी करपली तर काळी होते. दूध उतू जाऊन चुलीवर जळलं तरी काळंच. तेलाच्या दिव्यावर वाटी धरली तर काजळ जमतं. हा काळा पदार्थ म्हणजे कार्बन. सजीवांपासून मिळणाऱ्या पदार्थांत तो असतोच. हा कार्बन हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन अशा सोबत्यांशी जोडला जाऊन जे पदार्थ तयार होतात, त्यांना शास्त्रात सेंद्रिय पदार्थ म्हणतात. शेणखत घालून केलेली सेंद्रिय शेती वेगळी, आणि हा शब्द वेगळा. शास्त्राच्या भाषेत युरियासुद्धा सेंद्रियच!

आपल्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. पेशीत सर्वांत जास्त असतं पाणी. ते सोडलं, तर उरलेला बहुतेक भाग चार प्रकारच्या सेंद्रिय पदार्थांचा असतो.

पहिला प्रकार कर्बोदकं, म्हणजे साखर आणि पिष्ट. ज्वारी, बाजरी, तांदूळ, बटाटा यांत पिष्ट भरपूर. पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी. भाकरीचा कोरडा घास बराच वेळ चावत राहा, तो हळूहळू गोडसर लागतो. कारण लाळेतला पाचकरस ती साखळी तोडतो. ही साखर पेशींचं सरपण आहे.

दुसरा प्रकार स्निग्ध पदार्थ, म्हणजे तेल, तूप, चरबी. १ ग्रॅम पिष्टातून ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर १ ग्रॅम तेलातून ९. म्हणून शरीर जास्तीची ऊर्जा चरबीच्या रूपात साठवतं. पण चरबीचं काम तेवढंच नाही. प्रत्येक पेशीभोवतीचा पातळ पापुद्रा मुख्यतः स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचा असतो. तेल पाण्यात मिसळत नाही, हे आपण रोज बघतो. त्याच गुणामुळे पेशीच्या आतलं आत आणि बाहेरचं बाहेर राहतं.

तिसरा प्रकार प्रथिनं. स्नायू, केस, नखं प्रथिनांची असतात. पाचकरस प्रथिनांचे, आणि रक्तातून प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनही प्रथिनच. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. ती २० प्रकारची असतात. त्यातली ९ मोठ्या माणसाच्या शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, जेवणातूनच घ्यावी लागतात. ज्वारी-गव्हात लायसिन नावाचा मणी कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य पुरवतं. म्हणजे भाकरी आणि आमटी, खिचडी, पुरणपोळी या जोड्या एकमेकींची उणीव भरून काढतात.

चौथा प्रकार न्यूक्लिक आम्लं. त्यातलं डीएनए आपण ऐकलेलं असतं. कोणत्या माळेत कोणता मणी कुठे ओवायचा, याची कृती डीएनएमध्ये लिहिलेली असते. अर्धी कृती आईकडून येते, अर्धी वडिलांकडून. या कृतीत एक अक्षर चुकलं तरी काय होतं, हे नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आपल्या मैत्रिणींना चांगलं माहीत आहे. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या एका प्रकारच्या माळेत सहाव्या जागेचा एकच मणी बदललेला असतो, आणि तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. हा दोष चांगल्या जेवणाने जात नाही. म्हणून त्या भागात लग्नाआधी दोघांचीही रक्ततपासणी करून घ्यायलाच हवी.

आता मुख्य गोष्ट. जास्तीची चरबी शरीर साठवून ठेवतं, पण प्रथिनांची वेगळी कोठी शरीरात नाही. तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते, मग नवी बनवावी लागते. त्यासाठी लोह लागतं, तशी प्रथिनंही लागतात. ती जेवणातून आली नाहीत, तर शरीर स्वतःच्या स्नायूंमधून काढून घेतं. आणि पोटभर भाकरी-भात नसेल, तर असलेली प्रथिनंही सरपण म्हणून जळतात. म्हणून भाकरी कमी करून चालत नाही, आणि नुसत्या भाकरीनेही भागत नाही.

५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्यावर आणखी सुमारे २२ ग्रॅम. हिशोब घरचाच करूया. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी: २० ग्रॅम. ६० ग्रॅम कोरड्या तूरडाळीचं वरण: १३ ग्रॅम. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे: ७ ग्रॅम. एक अंडं किंवा पेलाभर दूध: ६ ग्रॅम. झाले ४६! मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावं.

यात महागडी पावडर कुठेच नाही. अडचण वेगळीच आहे. घरात सगळ्यांचं जेवून झालं की बाई बसते. तोवर आमटीत दोनदा पाणी वाढवलेलं असतं, दूध पोरांना गेलेलं असतं, अंडं धन्याला. मग भाकरी, ठेचा आणि पाणीदार आमटी. पोट भरतं, पण माळ ओवायला मणी मिळत नाहीत. शेतात राबणाऱ्या, अंगावर पाजणाऱ्या बाईला ते मणी हवेतच. तिच्या पेशी काही उरल्यासुरल्यावर घडत नाहीत.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत दोन कामं करा. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाका, निळा-काळा रंग आला की पिष्ट दिसलं. कागदावर शेंगदाणा चिरडून घासा, तेलकट डाग पडेल. ही फोड आणि दाणा नंतर टाकून द्या, खाऊ नका. दुसरं काम, प्रत्येकीने काल स्वतः काय काय खाल्लं ते सांगायचं आणि त्यातली डाळ, दाणे, दूध, अंडं मोजायचं. हिशोबाच्या वहीत बचत लिहितो, तसंच हेही लिहा. आणि डाळ शिजली की पाणी वाढवण्याआधी आपली वाटी बाजूला काढा. घरच्यांनाही सांगा, ही वाटी आईची आहे.