पेशीचा निरोप अडवताना

ईजीएफआर हे पेशीच्या आवरणात रुतलेले प्रथिन. बाहेरून वाढीचा निरोप आला की ते तो आत पोचवते. पेशी दुभंगते आणि वेळ आली तरी मरायचे टाळते. तोंडाच्या बहुतेक कर्करोगांत हे प्रथिन गरजेपेक्षा जास्त असते. निपाणीच्या तंबाखूपट्ट्याला लागून असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात, मशेरी आणि गालात धरलेल्या चिमटीमुळे, हा विषय पुस्तकापुरता राहत नाही.

वाढीला चालना देणाऱ्या घटकांच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांना १९८६ मध्ये नोबेल मिळाले. पुढे ईजीएफआर अडवण्याच्या दोन वाटा निघाल्या: निरोप येण्याची जागा बाहेरूनच प्रतिपिंडाने व्यापणे, किंवा गोळीच्या औषधाने आतले काम बंद पाडणे. एर्लोटिनिब ही अशीच, रोज एक घ्यायची गोळी. भारतात रोशची गोळी ४,८०० रुपयांना होती. सिप्लाने ती १,६०० ला आणली. २००८ मध्ये रोशच्या पेटंट दाव्यात सिप्लाला तातडीने रोखायला दिल्ली उच्च न्यायालयाने नकार दिला. अर्थात उसाच्या बिलावर घर चालवणाऱ्याला १,६००सुद्धा जडच होते.

निमोटुझुमॅब या प्रतिपिंडाची चाचणी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ५३६ रुग्णांवर घेतली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध व किरणोपचार यांना त्याची जोड दिल्यावर दोन वर्षे रोग न बळावता राहिलेल्यांचे प्रमाण ५०.१ वरून ६१.८ टक्क्यांवर गेले. एकूण आयुर्मानात मात्र ठोस फरक दिसला नाही.

रोग परतलेल्यांसाठी टाटाने घरीच घ्यायची तिकडी वापरली: एर्लोटिनिब रोज, सेलेकॉक्सिब दिवसातून दोनदा, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून परळ गाठणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५१ रुग्णांच्या चाचणीत या तिकडीला तीन आठवड्यांनी एकदा फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅबची, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या औषधाची, जोड दिली. वर्षभर जगणारे १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. ते श्रेय निवोलुमॅबचे. तिकडी दोन्ही गटांना होती.

एर्लोटिनिबने चेहऱ्यावर, छातीवर मुरमांसारखे पुरळ उठते, जुलाब होतात. त्वचेच्या आणि आतड्याच्या निरोगी पेशीही वाढीच्या याच निरोपावर जगतात. गोळी चालू असताना बिडी ओढली तर यकृत औषध लवकर मोडते आणि रक्तातले त्याचे प्रमाण घटते. निपाणीचा तंबाखू मुख्यतः बिडीचाच.