बाहेरचा लेखक आणि घरचा वाचक

चित्रकथांसारखा विषय ह्या व्यासपीठावर कशासाठी, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येईल. जी पुस्तके अभ्यासाच्या वेळी मुलांच्या हातून हिसकावून घेण्याची आपल्याकडे रीत आहे, त्यांच्यावर तासभर बोलायचे म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे काय? शंका रास्त आहे. परंतु ज्या गोष्टीसाठी प्रौढ आणि सुशिक्षित माणसे वर्षानुवर्षे हिरीरीने भांडतात, तिच्या मुळाशी काहीतरी मोलाचे असले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

भांडण अमेरिकेतले आहे. सुपरमॅन, बॅटमन, स्पायडरमॅन अशा महाबली नायकांच्या कथा तेथे दर महिन्याला प्रसिद्ध होतात. त्यांच्या निष्ठावंत वाचकांची एक जुनी तक्रार अशी, की कादंबरीत, वृत्तपत्रात वा दूरदर्शनवर नाव मिळवलेला एखादा लेखक आमच्या घरात पाहुणा म्हणून येतो, आमच्या नायकाचा 'नवा अर्थ' लावतो, वाहवा घेतो आणि निघून जातो. मोडलेले सामान मात्र आम्हांलाच सांधत बसावे लागते. ही तक्रार कितपत खरी आहे आणि कोठे ती अन्याय करते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम ह्या कथांची घडण ध्यानात घेतली पाहिजे. जेरी सीगल आणि जो शूस्टर ह्या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन जून १९३८ च्या 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला. पुढल्याच वर्षी बिल फिंगर आणि बॉब केन ह्यांचा बॅटमन आला. तेव्हापासून आजतागायत ह्या कथा संपलेल्या नाहीत. कादंबरीला एक लेखक असतो आणि एक शेवट असतो. येथे लेखक थकतात, निवृत्त होतात, मरतात. नायक मात्र तरुणच राहतो आणि नव्या लेखकाच्या स्वाधीन होतो. शिवाय आज लिहिलेली कथा कालच्या कथेशी जोडलेली असते. चाळीस वर्षांपूर्वी एखादे पात्र मेले, तर त्याच्या मृत्यूची आठवण आजच्या अंकातही जागी असते. आपल्याकडील कीर्तनकाराची आठवण येथे होते. आख्यान त्याचे स्वतःचे नसते आणि ते श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. रंग भरण्याची त्याला मुभा आहे, पण हरिश्चंद्राला खोटे बोलायला लावण्याची मुभा त्याला कोणी दिलेली नाही.

ह्या कथांची स्मृती सांभाळली ती वाचकांनी. १९६० नंतरच्या काही वर्षांत ज्यूलियस श्वार्ट्झ ह्या संपादकाने पत्रलेखक वाचकांचे पूर्ण पत्ते छापण्यास आरंभ केला. त्यामुळे दूरदूरच्या गावांतील वाचक एकमेकांना पत्रे लिहू लागले. १९६१ मध्ये जेरी बेल्स ह्या प्राध्यापकाने 'ऑल्टर ईगो' नावाचे वाचकांचेच नियतकालिक काढले. त्यात हौसेने लिहिणारा रॉय थॉमस हा मिसुरीतील शाळामास्तर १९६५ मध्ये मार्व्हल ह्या प्रकाशनसंस्थेत लेखक म्हणून रुजू झाला आणि १९७२ मध्ये तेथील मुख्य संपादक झाला. जिम शूटर ह्या मुलाची पहिली कथा १९६६ मध्ये छापली गेली तेव्हा तो अवघ्या चौदा वर्षांचा होता. म्हणजे वाचकच लेखक झाला आणि वाचकच संपादक झाला. 'घरचा' आणि 'बाहेरचा' हा भेद खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

त्याआधी सारेच बाहेरचे होते. १९४१ मध्ये वंडर वुमनची कल्पना मांडणारे विल्यम मार्स्टन हे मानसशास्त्रज्ञ होते. असत्य ओळखण्यासाठी रक्तदाबाचा उपयोग करण्याचे प्रयोग त्यांनी केले होते. आल्फ्रेड बेस्टर आणि एडमंड हॅमिल्टन हे विज्ञानकथांच्या क्षेत्रातून आले. तेव्हा 'बाहेरून आलेला लेखक आमचे वाटोळे करतो' हा सिद्धांत सरसकट मांडणे म्हणजे ह्या घराचा पायाच नाकारण्यासारखे आहे.

मग बाहेरच्या लेखकाने नवा अर्थ लावला आणि तो वाचकांनी डोक्यावर घेतला, असे कधी घडले आहे काय? घडले आहे, आणि त्याचा सर्वांत चांगला दाखला १९८४ मधला आहे. 'स्वॅम्प थिंग' म्हणजे दलदलीतला प्राणी. १९७१ मध्ये लेन वीन आणि बर्नी राइटसन ह्यांनी तो निर्माण केला. अॅलेक हॉलंड नावाचा शास्त्रज्ञ प्रयोगशाळेतील स्फोटात पेटतो, दलदलीत कोसळतो आणि वनस्पतींनी बनलेला एक अक्राळविक्राळ जीव होऊन बाहेर येतो. आपण पुन्हा माणूस होऊ ही त्याची आशा. पुढे मासिकाचा खप घसरला, आणि अशा वेळी ते अॅलन मूर ह्या इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनच्या लेखकाकडे सोपवण्यात आले. फेब्रुवारी १९८४ च्या अंकात मूरने त्या प्राण्याचे शवविच्छेदन घडवून आणले. त्यातून असे निष्पन्न झाले, की त्याच्या शरीरातील फुप्फुसे, हृदय ही सारी वनस्पतींनी केलेली निरुपयोगी नक्कल आहे. हॉलंड त्या रात्रीच मेला होता. दलदलीतल्या वनस्पतींनी त्याच्या जाणिवा शोषून घेतल्या आणि आपण हॉलंड आहोत असे त्या समजत राहिल्या. ज्याला माणूसपण परत मिळवायचे होते, तो मुळात माणूस नव्हताच!

उलथापालथ एवढी मोठी असूनही तिने जुन्या कथेतील एकही घटना खोटी ठरवली नाही. स्फोट झाला, दलदल होती, तो प्राणी तळमळला, हे सारे तसेच राहिले. बदलला तो त्याचा अर्थ. ज्याने जुने अंक जपून ठेवले होते, त्याने ते पुन्हा उघडले तेव्हा त्या तळमळीत त्याला अधिकच कारुण्य दिसले. मूरला हे काम देणारा संपादक लेन वीन, म्हणजे त्या प्राण्याचा एक जनकच होता, हेही सांगितले पाहिजे.

आता दुसरी बाजू पाहू. १९६० मध्ये जॉन ब्रूम आणि कार्माइन इन्फँटिनो ह्यांनी 'इलाँगेटेड मॅन' म्हणजे अंग हवे तेवढे ताणणारा राल्फ डिब्नी निर्माण केला. पुढच्याच वर्षी त्याची पत्नी सू ही कथेत आली. हे हसरे, एकमेकांवर लोभ असलेले जोडपे. प्रवास करावा आणि वाटेत भेटणारी कोडी सोडवावीत, हा त्यांचा क्रम. २००४ मध्ये ब्रॅड मेल्त्झर ह्या न्यायालयीन रहस्यकथांच्या लोकप्रिय लेखकाने 'आयडेंटिटी क्रायसिस' ही सात अंकांची मालिका लिहिली. तिच्या आरंभीच सूचा खून होतो. मग असे उघड होते, की फार पूर्वी डॉक्टर लाइट ह्या खलनायकाने तिच्यावर बलात्कार केला होता, आणि त्यानंतर महाबलींपैकी काहींनी जादूने त्याचे मन बदलून टाकले होते. ते पाहणाऱ्या बॅटमनची स्मृतीही त्यांनी पुसली होती.

ही मालिका खपली, तिची स्तुतीही झाली. परंतु पुष्कळ जुने वाचक दुखावले गेले, आणि त्यांचे दुःख आम्हांस खरे वाटते. कथेत क्रौर्य आले म्हणून ते रागावले असे समजणे ही त्यांची चेष्टा होईल. ते रागावले ते अशासाठी, की जुने प्रसन्न अंक आता प्रसन्नपणे वाचता येत नाहीत. सू ज्या पानावर हसते आहे, त्या पानामागे कोणीतरी तो प्रसंग नेऊन ठेवला. शिवाय ज्या स्त्रीवर तो ओढवला, तिला त्याविषयी बोलण्याची संधी कथेत जवळजवळ मिळालीच नाही. तिची यातना इतरांच्या नीतिचर्चेला निमित्त म्हणून वापरली गेली.

गंमत अशी, की मेल्त्झर काही अडाणी पाहुणा नव्हता. लहानपणापासून तो ह्याच कथा वाचत वाढला होता. म्हणजे अज्ञान हे अपराधाचे कारण नव्हे. आपल्या धंद्यातील रहस्यकथेचे नियम, जेथे प्रत्येक सुखी घरात एक सांगाडा लपलेला असावा लागतो, ते त्याने दुसऱ्याच्या घराला लावले, हे खरे कारण.

त्याच वर्षी स्पायडरमॅनच्या वाचकांवरही असाच आघात झाला. नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी १९७३ मध्ये मारली गेली होती. गेरी कॉनवे ह्या वीस वर्षांच्या लेखकाने ती कथा लिहिली तेव्हा वाचक अतिशय चिडले. परंतु आज तीच कथा ह्या वाङ्मयातील मैलाचा दगड मानली जाते. २००४ मध्ये जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की ह्या दूरदर्शनवरून आलेल्या लेखकाच्या कथेत असे सांगण्यात आले, की ग्वेनला मृत्यूपूर्वी जुळी मुले झाली होती, आणि तीही तिचा खून करणाऱ्या नॉर्मन ऑस्बॉर्नपासून! पहिल्या कथेने ग्वेनचे पुढचे आयुष्य नेले होते. दुसरीने मागचे नेले. पहिला घाव वाचकाने कालांतराने स्वीकारला, दुसरा स्वीकारला नाही. अखेर २०२१ मध्ये दुसऱ्या लेखकाने ती मुले कृत्रिम रीतीने घडवलेली होती असे दाखवून ही गाठ सोडवली.

येथे निवाडा करण्याची घाई करू नये. स्ट्रॅझिन्स्कीने पुढे सांगितले, की त्याच्या मूळ बेतात मुलांचा पिता स्पायडरमॅनच होता. नायक वयस्क वाटेल म्हणून संपादकांनी ते नाकारले. २००७ मध्ये त्याच नायकाचा १९८७ पासूनचा विवाह सैतानाशी केलेल्या सौद्यात पुसून टाकण्यात आला. तो निर्णय मुख्य संपादक जो क्वेसाडा ह्यांच्या आग्रहाचा होता. शेवटच्या भागांवरून आपले नाव काढावे असे लेखकास वाटत होते. म्हणजे मोडतोड केली घरच्या माणसाने आणि शिव्या खाल्ल्या पाहुण्याने. वाचकाला अंकावर लेखकाचे नाव दिसते, मालकाचे दिसत नाही.

ह्या मालकीची गोष्ट सांगितल्यावाचून विषय पुरा होणार नाही. सीगल आणि शूस्टर ह्यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरांना विकले. नायकाने कोट्यवधी मिळवून दिले. जनक हलाखीत राहिले. १९७५ मध्ये, लोकांत बोभाटा झाल्यावर, प्रत्येकी सालीना २०,००० डॉलरांचे निवृत्तिवेतन आणि कथेवर नाव एवढे त्यांच्या पदरी पडले. ज्या व्यवस्थेत निर्मात्याचाच शब्द चालत नाही, तेथे वाचकाचा कितीसा चालणार? 'आमच्या नायकाची विटंबना झाली' असे जेव्हा वाचक म्हणतो, तेव्हा कायद्याने तो नायक त्याचा नसतो, आणि बहुधा लेखकाचाही नसतो. म्हणूनच त्याची तक्रार एवढी तिखट होते.

तरीही तक्रार कधी फळास येते. १९६८ मध्ये वृत्तपत्रातून आलेल्या डेनिस ओनील ह्या लेखकाने वंडर वुमनची सारी दिव्य शक्ती काढून घेतली आणि तिला साधी स्त्री केले. हेतू वाईट नव्हता. परंतु जिच्याकडे पाहून मुलींनी बळ घ्यावे, तिचेच बळ काढून घेतले गेले. ग्लोरिया स्टाइनम ह्यांनी १९७२ मध्ये आपल्या 'मिज' मासिकाच्या मुखपृष्ठावर मूळ रूपातील वंडर वुमन झळकवली, आणि १९७३ मध्ये तिची शक्ती परत आली.

वाचकांच्या बाजूने एवढे बोलल्यावर त्यांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. २०१६ मध्ये ता-नेहिसी कोट्स हा नामांकित कृष्णवर्णीय पत्रकार 'ब्लॅक पँथर' लिहू लागला. १९६६ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी ह्यांनी हा आफ्रिकी राजा आणि त्याचे वकांडा हे प्रगत राज्य निर्माण केले होते. कोट्सने विचारले, की एवढे पुढारलेले लोक वंशपरंपरेचा राजा कशासाठी सहन करतात? कथेत बंड होते, वादविवाद होतात, आणि राज्य घटनेच्या वाटेने जाऊ लागते. कथा संथ आहे, राजा फार चिंतन करतो, अशी काहींची तक्रार होती. ती वाचकाच्या अधिकारातली आहे. परंतु 'हा बाहेरचा' हे शब्द पुष्कळदा काळ्या लेखकासाठी किंवा स्त्री लेखिकेसाठीच बाहेर पडतात, आणि तेव्हा त्यांत कथेविषयीचे प्रेम कमी आणि दाराशी उभे राहून जात विचारण्याची वृत्ती अधिक असते. कोट्सचा प्रश्न मूळ कथेतच दडलेला होता. तो पन्नास वर्षे कोणी नीट विचारला नव्हता, एवढेच.

आमच्या श्रोत्यांनाही हा अनुभव अगदीच परका नाही. १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने सुरू केलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून ली फॉकचा फँटम मराठीत 'वेताळ' होऊन आला. येथील आवृत्तीत त्याचा बंगालशी नामसाम्य असलेला देश 'डेंकाली' झाला आणि 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. २००४ मध्ये तर स्पायडरमॅनच धोतर नेसून मुंबईत आला आणि पवित्र प्रभाकर झाला. नाव, गाव, वेश सारे बदलले. परंतु वेताळाचा कवटीच्या गुहेतला वंशपरंपरागत वसा गेला नाही आणि पवित्रच्या खांद्यावरची जबाबदारीही गेली नाही. बाह्य रूप किती बदलले ह्याचा हिशोब वाचक फारसा ठेवत नाही, हेच त्यातून दिसते.

तात्पर्य, लेखक कोठून आला ही कसोटी उपयोगाची नाही. आम्ही एकच कसोटी सुचवू. नवा अर्थ वाचून झाल्यावर जुना अंक काढावा आणि पुन्हा वाचावा. तो अधिक भरीव वाटला, तर लेखक बाहेरचा असला तरी घरचाच समजावा. तो वाचवेनासा झाला, तर लेखक कितीही जाणता असो, त्याने दुसऱ्याच्या ठेवीवर हात मारला आहे. आणि शिव्या देण्यापूर्वी हुकूम कोणाचा होता, हे मात्र विचारून घ्यावे. जुने अंक अजून वाचकाच्याच कपाटात आहेत. ते त्याच्याकडून कोणी नेऊ शकत नाही.