कट्ट्यापासून घरापर्यंत : शिवाजी पार्कची शंभर वर्षं

शिवाजी पार्कातलं घर दाखवणारा मुरलेला इस्टेट एजंट गिऱ्हाइकाला आधी इमारतीत नेत नाही. तो मैदानाभोवतीच्या कट्ट्याला एक फेरी मारायला लावतो. फेरी सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर. तेवढ्यात आतली नेट्स दिसतात, जिमखाना दिसतो, समर्थ व्यायाम मंदिराचा मल्लखांब, बेंगॉल क्लब, स्काउट हॉल, उद्यान गणेशापुढची रांग आणि १९६६ साली उभा राहिलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळाही दिसतो. मग कुठे किल्ली निघते. 'घर कुठेही मिळेल, हे कुठे मिळणार?' एवढंच एजंटाला सुचवायचं असतं, आणि बहुतेक वेळा ते बोलावंही लागत नाही.

२०२५ साली या मैदानाला शंभर वर्षं झाली. शतकभर या अठ्ठावीसेक एकरांभोवती भाड्याच्या खोल्या, पागड्या, मालकीचे फ्लॅट आणि आता टॉवर यांचे व्यवहार होत आले. या परिसराचा इतिहास सहसा सभांचा आणि क्रिकेटचा सांगितला जातो. घरांच्या व्यवहारांतून तो पाहिला तर मोकळी जागा भोवतालच्या बांधलेल्या जागेला किंमत कशी देते, हे इथं दिसतं. तेवढं स्वच्छ ते मुंबईत दुसरीकडे क्वचितच दिसेल.

गोष्ट सुरू होते प्लेगपासून. १८९६च्या साथीनं गिरगाव, मांडवी, भुलेश्वरच्या दाटीवाटीची भीती सरकारला बसली आणि १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहराला उत्तरेकडे सरकवायचं, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळती ठेवायची, हे त्याचं काम. दादर-माटुंग्याची आखणी त्यातलीच. रेल्वेच्या पूर्वेला हिंदू कॉलनी आली, ट्रस्टमधले अभियंते मंचरजी जोशी यांच्या खटपटीनं पारशी कॉलनी आली. पश्चिमेला नारळीच्या वाड्या होत्या. तिथं १९२५मध्ये महापालिकेनं मैदान खुलं केलं. नाव माहीम पार्क. दोन वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानं ते शिवाजी पार्क झालं.

मैदान आधी आणि घरं नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. मुंबईत एरवी वस्ती आधी वाढते आणि उरलेल्या तुकड्याला बाग म्हणतात. इथं मोकळी जागा राखून तिच्याभोवती प्लॉट पडले आणि तीस-चाळीसच्या दशकांत त्यांवर इमारती उठल्या. तळमजला आणि वर दोन-तीन मजले. नव्या आरसीसी बांधणीमुळे कोपऱ्यावर वळणारी बाल्कनी शक्य झाली. खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे आले, जिन्याच्या उभ्या पट्टीत रंगीत काच आली, प्रवेशावर ठसठशीत अक्षरांत इमारतीचं नाव आलं. मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींना २०१८मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात स्थान दिलं. शिवाजी पार्कातली ही घरं त्याच पिढीची. फरक एवढाच, की यांचा थाट मध्यमवर्गीय खिशाला पेलणारा होता. सिमेंटच्या जाळीत कमळ असे, पण खोल्या हिशेबातल्या.

गिरगावच्या चाळीतून आलेल्या कुटुंबाला यातल्या एका सोयीचं अप्रूप सर्वांत मोठं होतं : घरातच संडास-न्हाणी. अशा घराला तेव्हा 'ब्लॉक' म्हणत, आणि 'ते आता दादरला ब्लॉकमध्ये राहतात' या वाक्यात नातेवाइकांचा सगळा आदर आणि थोडा मत्सर येई. कारकून, शिक्षक, वकील, छापखानेवाले, डॉक्टर इथं आले. दादर-माटुंग्याच्या या फ्लॅटसंस्कृतीवर निखिल राव यांनी 'हाउस, बट नो गार्डन' हा ग्रंथ २०१३मध्ये लिहिला. मुंबईकर मध्यमवर्ग बंगल्याचं स्वप्न सोडून मजल्यावरच्या घरात कसा रुजला, हे त्यात तपशिलात आहे.

त्या काळी दलालाचं काम सोपं होतं. घरं रिकामी असत, 'टू लेट'च्या पाट्या लटकत आणि चांगला भाडेकरू मिळवण्याची घाई मालकालाच असे. युद्ध आलं, मग फाळणी आली, मुंबईत माणसं दाटली आणि पाट्या उतरल्या. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीला गोठवली. कायदा भाडेकरूला आधार द्यायला आला होता आणि तो आधार त्यानं दिला. पार्कात शिक्षकाचा मुलगा शिक्षक राहूनही टिकला तो यामुळेच. पण भाडं गोठलं आणि इमारतीची देखभालही गोठली. मालकाला गिलाव्यापुरतेही पैसे सुटेनात. घर सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून पागडी घेऊ लागला, त्यातला वाटा, साधारण एक तृतीयांश, मालकाकडे जाऊ लागला. कित्येक दशकं हा व्यवहार कायद्याच्या बाहेर आणि सगळ्यांच्या देखत चालला. त्याला कायद्याची मान्यता मिळाली ती १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानं, ३१ मार्च २०००पासून.

पागडीच्या काळातल्या एजंटाचं भांडवल म्हणजे त्याची स्मरणशक्ती. कोणत्या इमारतीचा मालक ट्रस्ट आहे, कुठे दोन भावांचा दावा चालू आहे, कोणत्या पावतीवर अजून आजोबांचंच नाव आहे, गच्ची कुणाच्या ताब्यात आहे, हे त्याला तोंडपाठ लागे. भाडेपावती, विजेचं बिल, रेशनकार्ड या तीन कागदांवर तो घराचा जीव ओळखायचा. आज इंडेक्स टू आणि सर्च रिपोर्ट संगणकावर निघतो. तरी जुन्या इमारतीचा सौदा बसवायला असाच माणूस शोधावा लागतो, कारण निम्मं टायटल माणसांच्या तोंडी असतं.

१९६०चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३चा मालकी सदनिकांचा कायदा यांनी मालकीचा फ्लॅट रुळवला. १९६९मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ आलं, उपकर सुरू झाला, आणि १ सप्टेंबर १९४०च्या आधी बांधलेली इमारत 'ए' वर्गात गेली. तेव्हा ती फक्त एक नोंद होती. पुढे तीच तारीख लाखमोलाची ठरणार होती.

या काळात पार्काचं नाव घडलं ते व्यवहारांनी नव्हे, इथं राहणाऱ्या-वावरणाऱ्या माणसांनी. स्वातंत्र्यवीर सावरकर १९३८पासून अखेरपर्यंत इथं राहिले. स्टेशनपलीकडे हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुस्तकांसाठी ऐसपैस जागा ठेवून 'राजगृह' बांधलं. १९५६च्या डिसेंबरात दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि ती जागा चैत्यभूमी झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी हे मैदान भरलं. १९६६मध्ये शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा इथंच झाला. १९६५मध्ये स्टेशनजवळ शिवाजी मंदिर उघडलं आणि नाटक पाहून पायी घरी जाणं ही इथल्या घराची न लिहिलेली सुविधा बनली.

शाळेचं गणित वेगळं. बालमोहन विद्यामंदिर १९४०पासून इथं आहे. शाळेच्या पायी अंतरात घर हवं म्हणून वर्षभर थांबणारी गिऱ्हाइकं प्रत्येक एजंटाच्या वहीत असतात. यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण मात्र शारदाश्रमाचं, आणि त्यात खरेदी-विक्री काहीच नाही. वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेल्या सचिन तेंडुलकरला रमाकांत आचरेकरांच्या सरावाला आणि शाळेला जवळ पडावं म्हणून शिवाजी पार्काजवळ काका-काकूंकडे ठेवलं गेलं. पत्ता बदलला आणि दिवसातले प्रवासाचे तास नेटमध्ये गेले. डिसेंबर २०२४मध्ये मैदानाच्या पाच नंबर गेटजवळ आचरेकरांच्या स्मारकाचं अनावरण तेंडुलकरच्याच हस्ते झालं. मल्लखांबाचे गुरू उदय देशपांडे यांना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. त्यांचं समर्थ व्यायाम मंदिर कट्ट्याच्या आतच आहे. मैदान म्हणजे कोट्यवधींचा व्ह्यू असं जाहिरातीत म्हटलं जातं, पण इथली मोलाची गोष्ट ही आहे, की त्या मैदानात उतरायला घर लागत नाही. परळचा मुलगा आणि पार्क फेसिंगचा मुलगा एकाच खेळपट्टीवर घाम गाळतो.

मैदान शांत असतं, असं सांगणारा एजंट मात्र खरं बोलत नाही. २०१०मध्ये उच्च न्यायालयानं हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला, तरी सभा परवानग्या घेऊन होतात. सहा डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीसाठी देशभरातून बाबासाहेबांचे लाखो अनुयायी येतात, मैदानात मांडव पडतात. गेल्या काही वर्षांत मैदानातल्या लाल मातीची धूळ घराघरांत गेली आणि रहिवाशांनी तक्रारींचा धोशा लावला. खरा जाणकार गिऱ्हाइकाला घर दोनदा दाखवतो : एकदा सकाळी, एकदा सभेच्या किंवा सणाच्या संध्याकाळी. ज्याला दुसरी भेट सोसत नाही त्यानं इथं घर घेऊ नये. सार्वजनिक मैदान सार्वजनिक राहतं म्हणूनच ते जिवंत आहे.

कौतुकात आणखी एक गोष्ट झाकू नये. 'घेणारे कोण आहेत?' हा प्रश्न मुंबईत सोसायट्यांकडून आजही येतो, आणि त्याचा अर्थ आडनाव काय, असा असतो. राजगृह जिथून हाकेच्या अंतरावर आहे, तिथं तरी तो विचारला जाऊ नये. चांगला एजंट तो गिऱ्हाइकापर्यंत पोचूच देत नाही.

मोठा पालट नव्वदच्या दशकात सुरू झाला. १९९१ची विकास नियंत्रण नियमावली आणि तिच्यातला ३३ (७) हा नियम : उपकरप्राप्त जुनी इमारत पाडून भाडेकरूंना नवीन घर द्या, बदल्यात जास्तीचं चटईक्षेत्र विकायला घ्या. गोठलेल्या भाड्याची इमारत एकाएकी सोन्याची झाली. त्याच वर्षी आलेल्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनं समुद्राच्या बाजूच्या इमारतींना आवर घातला. पूर्वीच्या कॅडल रोडच्या पश्चिमेला बरीच वर्षं कमी उंचीची घरं दिसत राहिली, त्यात या बंधनाचा वाटा मोठा आहे. २०१९च्या नव्या अधिसूचनेनं आणि २०२१मध्ये मंजूर झालेल्या किनारा आराखड्यानं ते सैल झालं.

दरम्यान २०१२मध्ये महापालिकेनं वारसा यादीचा विस्तार प्रस्तावित केला आणि त्यात शिवाजी पार्क परिसर घातला. बाहेरच्याला वाटलं असतं, की रहिवासी पेढे वाटतील. त्यांनी कडाडून विरोध केला. ज्यांच्या घरात लिफ्ट नाही, सज्जाची सळई उघडी पडली आहे आणि आई-वडील तिसऱ्या मजल्यावर अडकले आहेत, त्यांना वारसा म्हणजे पुनर्विकासाला कुलूप वाटलं. त्यांची अडचण खरी होती. पण वारसा राखायचा तर दुरुस्तीचा खर्च समाजानं उचलला पाहिजे, ही बाजू त्या गदारोळात पुरेशी मांडलीच गेली नाही, आणि ते या परिसराचं मोठं नुकसान आहे.

आज इमारती एकेक करून जातात. 'कार्पेट किती वाढवून देणार, कॉर्पस किती, ट्रान्झिटचं भाडं किती महिन्यांचं आगाऊ?' या प्रश्नांभोवती सोसायट्यांच्या सभा रात्री उशिरापर्यंत रंगतात. २०१७पासून महारेरामुळे एजंटालाही नोंदणी क्रमांक लागतो, पुढे परीक्षाही आली. तोंडी शब्दावर चालणाऱ्या धंद्याला हे आधी जाचक वाटलं, पण अर्धवट पडलेल्या प्रकल्पांत भाड्याच्या घरात दिवस काढणाऱ्या कुटुंबांकडे पाहिलं तर ही शिस्त उशिराच आली. २०२०च्या अखेरीस मुद्रांक शुल्क पाचाऐवजी दोन टक्क्यांवर आलं, तेव्हा टाळेबंदीत अडकलेल्या व्यवहारांना वाट मिळाली. मे २०२५मध्ये भुयारी मेट्रोचा आचार्य अत्रे चौकापर्यंतचा टप्पा सुरू झाला आणि दादर, शितलादेवी ही स्थानकं चालू झाली. वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी करणारा तरुण आता पार्कात घर शोधू शकतो, अर्थात पगार तसा असेल तर.

विकणारे बहुधा तिसऱ्या पिढीतले. आजोबांनी ब्लॉक घेतला, वडिलांनी पागडी सांभाळली, नातवंडं पुण्यात, ठाण्यात किंवा अमेरिकेत. घराचे चार वाटे करायचे तर विकण्याला पर्याय नसतो. घेणाऱ्यांत जुने दादरकर थोडेच उरतात. चार मजल्यांच्या जागी वीस आले, की मैदानाकडे पाहणाऱ्या खिडक्या वाढतात आणि गल्लीत गाड्या वाढतात. मागच्या ओळीतल्या घरांचं आकाश मात्र कमी होतं. मैदान तेवढंच राहतं.

त्यामुळे पुनर्विकासाच्या करारात काही सोसायट्या चटईक्षेत्राइतकाच आग्रह दुसऱ्या गोष्टींसाठी धरू लागल्या आहेत : आवारातलं झाड तोडायचं नाही, दर्शनी बाल्कनीचं वळण नव्या आराखड्यात घ्यायचं, जुनं नाव ठेवायचं. असा आग्रह धरणाऱ्यांना वास्तुविशारद शोधून देणारे, जुन्या इमारतींचे फोटो जपणारे एजंटही इथं आहेत. बिल्डरचं नाव पाटीवर आधी येतं, जुनं नाव त्याच्यामागे. तरीही डिलिव्हरीवाल्याला पत्ता सांगताना पार्कातली माणसं सर्रास जुनंच नाव सांगतात.