खुर्चीवरचा कोट

निकाल लागला, पण गुणपत्रिका मिळेनात! गेल्या जूनमध्ये आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीत हा देखावा होता. सर्व्हरने रात्रीत ४१२ गुणपत्रिका तयार करून ठेवायच्या. सकाळी पाहावे तो १४६ झालेल्या, आणि पडद्यावर शांतपणे लिहिलेले – ‘काम चालू आहे’. दुपारपर्यंत तेच. एका मुलीला दुसऱ्या दिवशी परगावी प्रवेशासाठी कागद दाखवायचे होते. ती बाकावर बसून होती, तिच्याकडे पाहवेना.

शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. मराठीत कसाबसा पास झालेला. आता सर्व्हर सांभाळतो.

“सर, १४७व्या मुलाच्या गुणांच्या रकान्यात आकड्याऐवजी ‘गैरहजर’ लिहिलंय. शब्दाची बेरीज होईना, म्हणून प्रोग्रॅमने चुकीची हाक मारली. ती ऐकायला कोणी ठेवलेलंच नाही. काम तिथेच कोसळलं, पण ‘चालू’ हा शेरा तसाच राहिला.”

म्हणजे खुर्चीवर कोट टांगून कारकून घरी गेलेला असावा, तसेच की हे!

हसू नका. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून ‘एरियान ५’ हा अग्निबाण प्रथमच उडाला आणि सुमारे चाळीस सेकंदांत त्याच्या ठिकऱ्या झाल्या. ३२,७६७पर्यंतच मावणाऱ्या जागेत त्याहून मोठा आकडा कोंबला गेला. ती चूक झेलण्याची सोय तेथे नव्हती. दिशा सांगणारे दोन्ही संगणक बंद पडले. दोघांत प्रोग्रॅम एकच; राखीव तरी काय करणार?

शिष्याने प्रत्येक गुणपत्रिकेची चूक जागच्या जागी पकडून कारणासह नोंदवण्याची व्यवस्था केली. ठरल्या वेळात काम न झाल्यास ‘चालू’ शेरा पुसायचा, तीनदा प्रयत्न करायचा, नाहीतर ते बाजूच्या रांगेत टाकून पुढे जायचे. त्या रांगेला ‘डेड लेटर’ म्हणतात. पत्ता न लागणाऱ्या पत्रांवरून, पोस्टातूनच आलेले नाव!

“अरे, तीनदाच का?”

“नेटवर्क घटकाभर गेलं असेल तर उपयोग, सर. ‘गैरहजर’ हजारदा वाचलं तरी आकडा होत नाही. आणि फीच्या कामात असं डोळे मिटून परत परत केलं, तर पैसे दोनदा कापले जातील.”

संध्याकाळी सहाला ४११ गुणपत्रिका तयार झाल्या. ती मुलगी धावतच स्टँडकडे गेली.

बाजूला पडलेल्या त्या एका नावाची मग चौकशी झाली. मुलगा गैरहजर नव्हताच. त्याची उत्तरपत्रिका एका गठ्ठ्याच्या तळाशी अडकली होती. गठ्ठा माझ्याच कपाटात होता.